ग्वाल्हेरचे मराठी लोक, इथलं जुनं राजघराणं शिंदे ज्या पक्षात जातील त्यालाच मत देतात, हे खरं आहे का?

बाहेरच्यांना असंच वाटतं की शिंदे मराठी, तुम्ही मराठी, झालं की मग. मी जन्मापासून लष्करात राहते (लष्कर म्हणजे मिलिटरी नाही हो, महाराज बाड्याच्या आजूबाजूचं जुनं शहर, दौलतराव शिंद्यांची छावणी पडली होती ते) आणि माझं उत्तर आहे नाही. महल (म्हणजे शिंद्यांचं घराणं) वेगळा, मत वेगळं. कधीकधी दोन्ही एका जागी येतात, तेवढंच.

मुळात इथे काँग्रेस आमच्या घरातली कधीच नव्हती. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत ग्वाल्हेरहून हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे निवडून आले. पुढे जनसंघ, 1971 ला अटलजी, मग 1977 आणि 1980 ला नारायण कृष्ण शेजवलकर, म्हणजे मराठीच. माझे आजोबा या सगळ्यांतले, रोज पहाटे शाखा, आणि घरात काँग्रेसचं नाव काढलं की जेवता जेवता उठायचे. पण बैठकीत भिंतीवर फोटो मात्र राजमाता विजयाराजे शिंद्यांचा पण आणि त्यांचा मुलगा माधवरावांचा पण, आई भाजपमध्ये आणि मुलगा काँग्रेसमध्ये असताना सुद्धा, शेजारी शेजारी.

तर 1984 ला ऐनवेळी माधवराव इथून उभे राहिले, समोर अटलजी, आणि अटलजी जवळपास पावणेदोन लाखांनी पडले. त्यांचा जन्मच इथला, शिंदे की छावणीतला, तरी पडले. एवढी मतं काय फक्त काँग्रेसवाल्यांची होती का? आजोबा आयुष्यभर सांगत राहिले की मी जनसंघाचा दिवा सोडून, मग भाजपचं कमळ सोडून दुसरीकडे शिक्का मारला नाही. ते गेल्यावर तेराव्याला सगळे बसलेले असताना आजी एकदम म्हणाली, "त्या वर्षी यांनी हातावर मारला होता, घरी येऊन दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत." आत्या तर ऐकतच राहिली. पुढे माधवराव रेल्वेमंत्री झाले, 1988 ला शताब्दी सुरू झाली, ती ग्वाल्हेरला थांबायची, मग बऱ्याच जणांना आपण तेव्हा काय केलं ते मोठ्याने सांगायची हिंमत आली. 1996 ला ते काँग्रेस सोडून स्वतःचा पक्ष काढून उभे राहिले तरी निवडून आले. म्हणजे मत माणसाला होतं, हाताला नाही.

पण ही माणसाची मतं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आणि हे आमच्या नेत्यांना अजून कळलेलं नाही असं मला वाटतं. माधवरावांचा मुलगा ज्योतिरादित्य 2020 ला भाजपमध्ये गेले, मध्य प्रदेशातलं काँग्रेसचं कमलनाथांचं सरकार पडलं (त्यांच्या आजीने, म्हणजे राजमातांनी, 1967 मध्ये द्वारकाप्रसाद मिश्रांचं पाडलं होतं, त्यामुळे जुन्या लोकांना नवल वाटलंच नाही). आता महल आणि कमळ एकाच बाजूला, मग हरायचं कारणच काय? तर त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत ग्वाल्हेर पूर्वला त्यांच्याबरोबर आलेला उमेदवार हरला, आणि 2022 ला महापौरपद 57 वर्षांनी काँग्रेसकडे गेलं.

आणि आम्ही मराठी लोक आहोत तरी किती आता? 2018 ची विधानसभा घ्या. आमची सीट ग्वाल्हेर दक्षिण, भाजपचे नारायणसिंह कुशवाह 121 मतांनी हरले. हो, एकशे एकवीस! भाजपच्याच एक माजी महापौर बाई बागी होऊन उभ्या होत्या, त्यांनी तीस हजारांच्या आसपास मतं खाल्ली, पेपरवाल्यांनी सगळं खापर त्यांच्यावर फोडलं. पण मी त्या रात्री आमच्या वाड्याची मतदार यादी काढून बसले. वाड्यात नावं एकोणीस, त्यातली अकरा पुण्यात, दोन बंगलोरला, आणि आत्याचा गुडघा धरलेला म्हणून ती गेलीच नाही. समोरच्या वाड्यातही थोड्याफार फरकाने तसंच. अशा दहा वाड्यांची बेरीज केली की 121 कधीच मागे पडतात, आता ती कुणाच्या पारड्यात पडली असती ते सांगणं कठीण, आजोबांसारखे बरेच असतात. 2023 ला सीट परत कुशवाहांकडे आली.

पुण्यातल्या त्या अकरा जणांच्या मतदानाच्या पर्च्या मात्र दर निवडणुकीला नेमाने घरी येतात. आई त्या कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवते, दिवाळीला कोणी आलंच तर दाखवायला.