ओढ्याकाठची जंगलवाट : वाचकांचे प्रश्न

रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीहून प्रवरा नदीच्या काठाने कात्राबाईच्या जंगलात शिरणाऱ्या वाटेबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरून दिली आहेत. भर पावसात या वाटेला जाऊच नये.

प्रश्न : वाट चुकलो तर ओढा धरून खाली उतरायचे, म्हणजे गाव लागतेच, असे ऐकले. खरे का? (गंगापूर रोड, नाशिक)

दिशेपुरते खरे, तेही कात्राबाईच्या खिंडीच्या अलीकडे असाल तरच. रतनगडाच्या पूर्वेचे पाणी रतनवाडीवरून भंडारदऱ्याच्या जलाशयात येते. ती खिंड ओलांडलीत की उतार कुमशेत गावाकडचा, पाणी मुळा नदीचे. तिथला ओढा धरलात तर तुम्ही एका खोऱ्यात आणि गाडी दुसऱ्या खोऱ्यात. घाटमाथ्याच्या पश्चिम अंगाचे पाणी तर कोकणात उडी घेते. साम्रदजवळच्या सांधणच्या घळीत खाली उतरत गेले की दोराशिवाय पुढे जाता येत नाही, ते यामुळेच.

शिवाय ओढ्याचे पात्र म्हणजे वाट नव्हे. धोंडे, डोह, मधेच दहा-पंधरा फुटांची पायरी. घोटा मुरगळतो तो इथेच.

वाट नेमकी कुठे हरवते तेही सांगतो. रतनवाडीची वाट ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते आणि दर वेळी पलीकडच्या काठावरचे तोंड कारवीच्या झुडपांत झाकलेले असते. पाण्यात उतरण्याआधी अलीकडूनच ते तोंड हेरा. दिसले नाही तर काठाने वर-खाली वीस-तीस पावले पाहा. झाड आडवे पडले असेल तर आधीच्या लोकांनी वळसा घालून नवी पायवाट पाडलेली असते आणि ती बहुधा ढोरवाटेला मिळते. ढोरवाट ओळखायला सोपी : पायाखाली रुंद, पण छातीच्या उंचीवर फांद्या तशाच आडव्या. गुरे वाकून जातात, माणूस फांदी मोडून जातो. अशा वाटा पाण्यापाशी नाहीतर गवतात विरतात.

पन्नास पावलांत ना बाण, ना रचलेले दगड, ना घासून गुळगुळीत झालेला खडक, असे झाले तर मागे फिरा. एकाने शेवटच्या खुणेपाशी उभे राहायचे, बाकीच्यांनी त्याच्या हाकेच्या टप्प्यात शोधायचे. सगळे मिळून पुढे सरकतात तेव्हाच गट चुकतो. वर गडाच्या शिडीकडे आणि खिंडीकडे वाटा फुटतात, त्या फाट्याचा फोटो काढून ठेवा. गर्द झाडीत आणि दरीत मोबाईलवरचा ठिपका बराच सरकतो, त्यामुळे फाट्यावर निव्वळ त्याच्या भरवशावर वळू नका. पहिल्यांदाच जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या. ही सूचना आम्ही ऐच्छिक मानत नाही.

प्रश्न : अवकाळी पाऊस आला आणि ओढा वाढला तर? (सिडको)

थांबा. इथल्या ओढ्यांचे पाणलोट लहान आणि उभे, म्हणून पाणी मिनिटांत चढते आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरते. काठावर पाण्याच्या रेषेला एक दगड ठेवा आणि दहा मिनिटांनी बघा. पाणी गढूळ होणे, पाचोळा-काटक्या वाहत येणे, आवाज घुमू लागणे ही वर पाऊस पडल्याची लक्षणे. तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी.

ओलांडायचेच असेल तर पाणी गुडघ्याखाली हवे आणि पात्र पसरट हवे. अरुंद जागा जवळची वाटते, पण तिथेच खोली आणि ओढ जास्त असते. खालच्या बाजूला धबधबा असेल तर तिथून नाहीच. बूट पायातच ठेवा. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, आणि एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही.

प्रश्न : कारवी फार माजली आहे. वाट मोकळी करायला कोयता न्यावा का? (पंचवटी)

नाही. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. 1986 साली जाहीर झालेले, सुमारे 361 चौरस किलोमीटरचे, आणि कारभार नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 29 प्रमाणे परवान्याशिवाय इथली झाडे-झुडपे तोडता येत नाहीत. कलम 31 लेखी परवानगीशिवाय शस्त्र आत नेऊ देत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत सुराही शस्त्रच. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली म्हणजे वाट साफ करण्याचा हक्क मिळाला, असे नव्हे.

कारवीतून जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि दोघांत चार-पाच पावलांचे अंतर ठेवा, नाहीतर पुढच्याने सोडलेली फांदी मागच्याच्या डोळ्यावर बसते. चढताना कारवीचा आधार घेऊ नका. सात वर्षांनी फुलून गेलेली कारवी वाळते आणि धरताच मुळासकट हातात येते. देवराईतली तर वाळकी काटकीही उचलू नका; ती गावकऱ्यांची देवाची जागा आहे.

प्रश्न : नाशिकहून एका दिवसात होईल का? (नाशिकरोड)

खिंडीपर्यंत जाऊन परत, एवढेच ठरवा. साफ वाटेवर ताशी तीन किलोमीटर चालणारा गट इथे एक ते दीडच चालतो. घोटी-शेंडीमार्गे सकाळी सातपर्यंत रतनवाडीत पोहोचा. दुपारी साडेबाराला जिथे असाल तिथून परत फिरा, खिंड समोर दिसत असली तरी. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, पण झाडीत अर्धा तास आधीच अंधारते. प्रत्येकाजवळ स्वतःची विजेरी हवी, मोबाईलची नव्हे.

प्रश्न : ओढ्याचे पाणी प्यावे का? आणि साप? (इंदिरानगर)

माणशी तीन लिटर घरूनच न्या. ओढ्याचे घ्यावे लागले तर फडक्यातून गाळून क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. चूल पेटवू नका. पाचोळ्यात ठिणगी पुरते, आणि धुराने आग्या मोहोळ उठले तर पळायला जागा नसते.

खडकाच्या कपारीत आणि पानांत न बघता हात घालू नका. फुरसे दगडांत, चापडा हिरव्या फांदीवर. दंश झाला तर अंगठी-कडे काढा, तो अवयव फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला उचलून आणा आणि रेंज येताच 108 लावा. चिरा देणे, चोखणे, आवळून बांधणे नको. सापाचा फोटो दुरून मिळाला तर डॉक्टरांना दाखवा : आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठी आहे, चापड्यासाठी नाही.