पेपरचा आकडा 2, मैत्रिणीचा 40

प्रश्न : माझी मुलगी कृषी विद्यापीठात जनुकशास्त्र व वनस्पती पैदासशास्त्रात एम.एस्सी. करते. रब्बी ज्वारीच्या खोडमाशी प्रतिकारक्षमतेवर गाईडसोबत तिचा पेपर आला. पण पेपरशेजारी एक रंगीत कडं असतं, त्यात 2 आकडा दिसतो. मैत्रिणीच्या पेपरला 40 आहेत. तेव्हापासून पुस्तक मिटून ही दिवसभर लिंका पाठवत बसते. पीएचडीला हा आकडा लागतो का? – एक पालक, परभणी

उत्तर : नाही लागत. पीएचडीला प्रवेश परीक्षा आणि आधीचे गुण बघतात. पुढे कृषी संस्थांतल्या भरतीत पेपरची किंमत ठरते ती मुख्यतः नियतकालिकाच्या ‘नास’ (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी) रेटिंगवर. त्यामुळे पुस्तक आधी उघडायला सांगा.

आता ते कडं. लंडनची अल्टमेट्रिक नावाची कंपनी 2011 पासून हा हिशेब ठेवते. पेपरची इंटरनेटवर कुठे चर्चा झाली ते ती टिपते आणि जागेप्रमाणे वजन देते. बातमीला 8, ब्लॉगला 5, विकिपीडियात उल्लेख आला तर 3, आणि एक्सवरच्या पोस्टला जेमतेम पाव. एकाच माणसाने दहा पोस्टी टाकल्या तरी धरतात एकच. व्हॉट्सॲप तर हिशेबातच नाही. म्हणजे कन्यारत्नाने सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पेपर टाकला असेल, तरी आकडा जागचा हलायचा नाही! उलट पाच बातम्यांच्या संकेतस्थळांनी एकच प्रसिद्धिपत्रक जसंच्या तसं छापलं की 40 होतात. मैत्रिणीच्या विद्यापीठात जनसंपर्कवाले जागे असावेत, एवढाच माझा तर्क.

आकडा गोंगाट मोजतो, गुणवत्ता नाही. 2012 मध्ये फ्रान्सच्या सेरालिनी यांनी जनुक-सुधारित मका खाऊ घातलेल्या उंदरांना गाठी झाल्याचा पेपर छापला. जगभर बातम्या झाल्या. उंदरांची संख्या फार कमी आणि जातच मुळात गाठी होण्याची, असे आक्षेप आले आणि 2013 मध्ये नियतकालिकाने पेपर मागे घेतला. (2014 मध्ये तो दुसरीकडे पुन्हा छापून आला, तो वाद वेगळा.) अशा पेपरचं कडं भरगच्चच असणार, कारण टीका करणाराही मोजला जातो. याउलट भाताचं ‘सब-1ए’ जनुक घ्या. 2006 चा पेपर. त्या जनुकाच्या जोरावर स्वर्णा-सब1 हे वाण 2009 मध्ये भारतात प्रसारित झालं. रोपं पंधरवडाभर पाण्याखाली राहिली तरी तग धरतात. ओडिशातल्या ज्या शेतकऱ्याचं पीक पुरातून वाचलं, त्याने काही लिंक शेअर केली नाही.

मग कडं निरुपयोगी का? तसंही नाही. मुलीला त्यावर क्लिक करायला सांगा. आत कोण बोललं ते दिसतं. त्यातला एखादा उल्लेख ज्वारीवरच काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचा असेल, तर त्याला दोन ओळींचा ईमेल लिहावा. पीएचडीच्या वाटा अशाच उघडतात. शेजारी मेंडेलीवर (संशोधक पेपर साठवतात ते ॲप) पेपर किती जणांनी जपून ठेवला तेही असतं. ते आकड्यात धरत नाहीत, पण अभ्यासकांचं लक्ष तिथे जास्त कळतं. हौस असेलच तर पोंगेमर (खोडमाशीमुळे मधला पोंगा सुकणं) कमी कशी होते यावर साध्या मराठीत एक लेख शेतीच्या पुरवणीला द्यावा. लेखात पेपरची लिंक नसेल तर तो मोजला जाण्याची शक्यता कमी. न का मोजेना, ज्वारीवाला वाचेल.

आणि खरंच तिला पेपरपेक्षा हे मोजमापच जास्त भावतंय असं दिसलं तर रागावू नका. त्यालाही शास्त्र आहे. ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन (भारतीय सांख्यिकी संस्थेचं बंगळुरूचं केंद्र, डीआरटीसी, यात नावाजलेलं) विद्यापीठांच्या संशोधन कक्षात किंवा पुण्यातल्या प्रकाशन कंपन्यांत काम मिळू शकतं. जनुकशास्त्र कळणारा माणूस तिथे सहसा सापडत नाही. मात्र थीसिस आधी पूर्ण होऊ द्या, आणि हे तिलाच विचारा. पत्र तुम्ही लिहिलंय, तिने नाही.