वाचकांचे प्रश्न : रमजान ईद – अर्थ, रीती आणि शुभेच्छा

रमजानच्या दिवसांत विजापूर वेशीतला संध्याकाळचा बाजार गजबजू लागला की या सदराकडे ईदविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे शेजारधर्म मनापासून जपणाऱ्या वाचकांची आहेत, आणि माहितीअभावी आपल्याकडून काही चुकू नये ही काळजी त्यांच्या ओळीओळींत दिसते. त्यातले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या इमारतीत दोन मुस्लिम कुटुंबे राहतात. मोबाईलवरून संदेश पाठवतो. पण प्रत्यक्ष भेटीत नेमके काय म्हणावे, गळाभेट घ्यावी का, घरातील स्त्रियांना शुभेच्छा कशा द्याव्यात? (एक वाचक, जुळे सोलापूर)

‘ईद मुबारक’ एवढे दोन शब्द पुरेसे आहेत, आणि ‘ईदच्या हार्दिक शुभेच्छा’ असे मराठीत म्हटले तरी त्यात काहीही उणे राहत नाही. समोरून ‘खैर मुबारक’ किंवा ‘आपल्यालाही मुबारक’ असे उत्तर येईल. पैगंबरसाहेबांचे सहकारी ईदच्या दिवशी एकमेकांना भेटल्यावर ‘तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम’ म्हणत, म्हणजे अल्लाह आमची आणि तुमची उपासना स्वीकारो. आजही नमाजी आपसात असे म्हणतात. इतरांनी ते पाठ करण्याची गरज नाही.

तीन वेळा गळाभेट घेण्याची पद्धत आपल्या उपखंडातली आहे. तो धार्मिक दंडक नसून जिव्हाळ्याची रीत आहे, त्यामुळे ज्यांच्याशी तेवढी सलगी आहे त्यांना अवश्य भेटावे, नाहीतर हात मिळवावा. घरातील स्त्रियांना पुरुषांनी हात पुढे न करता तोंडी शुभेच्छा द्याव्यात. स्त्रिया आपसात मोकळेपणाने गळाभेट घेतात. लहान मुलांनी सलाम केला, तर हातावर खुशीचे चार पैसे ठेवावेत, त्यालाच ईदी म्हणतात.

शुभेच्छा केव्हा द्याव्यात, हेही सांगायला हवे. रमजान सुरू होताना ‘रमजान मुबारक’, शेवटच्या संध्याकाळी चंद्रकोर दिसली की ‘चांद मुबारक’ आणि सकाळच्या नमाजनंतर ‘ईद मुबारक’ हा क्रम आहे. मोहरममध्ये मात्र काळजी घ्यावी. मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना असला तरी त्याच्या दहाव्या दिवशी, हिजरी 61 मध्ये म्हणजे इसवी सन 680 साली, करबला येथे पैगंबरांचे नातू इमाम हुसेन शहीद झाले. त्या दिवशी मुबारकबादीचे संदेश पाठवू नयेत. आपल्याकडे पंजे आणि सवाऱ्यांना सर्व धर्मांचे लोक येतात, वाजंत्री असते, त्यामुळे हा सणच आहे असा समज सहज होतो. म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

आणि एक आग्रहाने सांगतो. संदेश पाठवला तरी दार वाजवून पाच मिनिटे भेटून या. ईदच्या दिवशी त्या घराचे दार दिवसभर उघडे असते आणि कोणीतरी येणार हे गृहीत धरूनच शीरखुर्म्याचे पातेले भरलेले असते.

प्रश्न : महिनाभराचे उपवास सुटल्याचा आनंद एवढाच ईदचा अर्थ आहे का? फित्रा आणि जकात एकच का? (एक वाचक, अशोक चौक)

उपवास सुटल्याचा आनंद हा अर्थ खरा आहे, पण तो अपुरा आहे. रमजान हा कुरआनच्या अवतरणाचा महिना मानला जातो. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातील ज्या आयतीत हे सांगितले आहे, त्याच आयतीत पुढे असे म्हटले आहे की रोजांची संख्या पूर्ण करावी, मार्ग दाखविल्याबद्दल अल्लाहची थोरवी गावी आणि कृतज्ञ असावे. ईदच्या सकाळी नमाजला जाताना ‘अल्लाहु अकबर’चा घोष केला जातो, त्यामागे हाच आदेश आहे. चैत्र-वैशाखाच्या सोलापुरी उन्हात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेता, भट्टीपुढे किंवा यंत्रमागावर दिवस काढून ज्यांनी रोजे पूर्ण केले, त्यांच्या आनंदात ही कृतज्ञता असते. आजारी माणसे, प्रवासी आणि गरोदर स्त्रिया यांना रोजाची सवलत आहे आणि सुटलेले रोजे पुढे भरून काढता येतात. परंतु ईदच्या दिवशी रोजा ठेवण्यास स्पष्ट मनाई आहे. त्या दिवशी उपाशी राहणे हे पुण्य ठरत नाही.

फित्रा आणि जकात वेगळे आहेत. जकात ही संपत्तीवरची आहे. सुमारे 87.5 ग्रॅम सोने किंवा 612 ग्रॅम चांदी यांच्या मोलाइतकी किंवा त्याहून अधिक शिल्लक ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने तिच्यातील अडीच टक्के गरजूंना द्यायचे असतात. ती वर्षात केव्हाही देता येते, पण बहुतेक जण रमजानमध्ये देतात. फित्रा हा माणशी आहे. कुटुंबप्रमुखाने स्वतःसाठी आणि आपल्या लहान मुलांसाठी, अगदी ईदच्या आदल्या रात्री जन्मलेल्या बाळासाठीसुद्धा, साधारण पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची असते. जव, खजूर किंवा मनुका यांच्या हिशेबाने देणाऱ्यांचे माप याच्या दुप्पट असते.

फित्र्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्याची वेळ. तो ईदच्या नमाजपूर्वी पोहोचला पाहिजे. नमाजनंतर दिला तर तो साधे दान ठरतो. श्रीमंताच्या घरात सण सुरू होण्याआधी गरिबाच्या घरात धान्य पोहोचलेले असावे, अशी ही व्यवस्था आहे, आणि म्हणूनच जाणती माणसे शेवटच्या रात्रीची वाट न पाहता दोन-चार दिवस आधीच फित्रा काढतात. ज्याला मिळतो त्यालाही शेवया, दूध आणि मुलांचे कपडे आणायला वेळ मिळायला हवा.

प्रश्न : 2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला आणि ईद 31 मार्चला होती. हा योगायोग आहे का? ईद दरवर्षी मागे का सरकते? (एक विद्यार्थी, बाळे)

प्रश्न फार चांगला आहे. हिंदू आणि हिजरी या दोन्ही पंचांगांचे महिने चंद्रावर चालतात. आपल्याकडे अमावास्या संपली की नवा महिना सुरू होतो, तर हिजरी महिना अमावास्येनंतरची पहिली कोर डोळ्यांना दिसल्यावर सुरू होतो. त्यामुळे दोन्हींच्या महिनारंभात एक-दोन दिवसांचेच अंतर असते. चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. ही तूट हिंदू पंचांग अधिक महिना घालून भरून काढते. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही, म्हणून ईद मागे सरकत जाते आणि सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. 2000 साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरात दुसरी अशा दोन रमजान ईद झाल्या.

आता पडताळून पाहा. 2023 मध्ये पाडवा 22 मार्चला होता आणि 24 मार्चला रमजानचा पहिला रोजा झाला. त्याच वर्षी अधिक श्रावण आला. त्यामुळे चैत्राची जोडी रमजानऐवजी त्याच्या पुढच्या, म्हणजे ईदने सुरू होणाऱ्या महिन्याशी जुळली आणि 2024 मध्ये 9 एप्रिलच्या पाडव्यानंतर 11 एप्रिलला थेट ईदच आली. 2025 मध्येही तीच जोडी कायम राहिली.

प्रश्न : ईदगाहवरची नमाज आमच्या गच्चीवरून दिसते. त्या वेळी अजान ऐकू येत नाही, ते का? (एक शिक्षिका, होटगी रस्ता)

आपले निरीक्षण अचूक आहे. ईदच्या नमाजला अजान नसते. पैगंबरांच्या काळापासून ती अजानशिवाय आणि शक्यतो मोकळ्या मैदानावर अदा करण्याचा प्रघात आहे, म्हणूनच गावोगावी ईदगाह असतात. वेळ आधीच जाहीर झालेली असते आणि लोक आंघोळ करून, अत्तर लावून, दोन-चार खजूर खाऊन बाहेर पडतात. जाताना एक आणि येताना दुसरी वाट धरण्याचीही रीत आहे.

ही नमाज दोन रकातींची असते. रकात म्हणजे उभे राहणे, वाकणे आणि माथा टेकणे यांचे एक आवर्तन. आपल्याकडे बहुतेकांच्या हनफी पद्धतीत तिच्यात सहा जादा तकबिरी, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’चे उच्चार, असतात. पहिल्या रकातीत कुरआनपठणापूर्वी तीन वेळा हात कानांपर्यंत नेतात. दोनदा ते खाली सोडतात आणि तिसऱ्यांदा बांधतात. दुसऱ्या रकातीत पठणानंतर तीन वेळा हात उचलून सोडतात आणि चौथ्या तकबिरीला वाकतात. ही नमाज वर्षातून दोनदाच येत असल्याने गोंधळ होतो, म्हणून इमामसाहेब सुरुवातीला हा क्रम समजावून सांगतात, तरी मागच्या ओळींत कोणीतरी चौथ्यांदा हात उचलतोच आणि शेजारच्याकडे पाहून चटकन वाकतो. शुक्रवारी खुतबा, म्हणजे प्रवचन, नमाजपूर्वी असते. ईदला ते नमाजनंतर असते, त्यामुळे नमाज संपताच लोक उठत नाहीत.

प्रश्न : शेजारच्या काकांचे रमजानमध्ये निधन झाले. आमच्याकडे अशा घरात वर्षभर सण करत नाहीत. ईदला त्यांच्याकडे जावे की नाही? (एक वाचक भगिनी, शेळगी)

अवश्य जावे. इस्लाममध्ये सुतक नाही. शोक तीन दिवसांचा सांगितला आहे. केवळ पत्नीसाठी तो चार महिने दहा दिवसांचा असतो आणि त्या काळात ती सहसा घराबाहेर पडत नाही, साजशृंगार करत नाही. घरातील इतर माणसे ईदची नमाज अदा करतात, फित्रा देतात. अनेकजण नमाजनंतर कब्रस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी दुआ मागतात. मात्र निधनानंतरची पहिली ईद जड जाते, आणि नातेवाईक आवर्जून आधी त्या घरी जातात. आपणही सकाळीच जा. काकूंजवळ बसा. तेथे उत्साहाने ‘मुबारक’ म्हणणे मनाला पटत नसेल, तर काकांसाठी प्रार्थना करते एवढे सांगितले तरी चालेल. पुढे केलेली वाटी मात्र परत करू नका.

प्रश्न : बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी कशी आली होती? (एक वाचक, पंढरपूर)

वर सांगितलेल्या हिशेबानेच. बकरी ईद जिल्हज महिन्याच्या दहाव्या दिवशी असते. 2022 मध्ये 10 जुलैला आणि 2023 मध्ये 29 जूनला आषाढाची एकादशी आणि जिल्हजची दहावी एकाच दिवशी आली. हजरत इब्राहिम यांनी अल्लाहच्या आज्ञेखातर पुत्र इस्माईल यांना अर्पण करण्याची तयारी दाखविली, त्या निष्ठेची आठवण म्हणून कुर्बानी केली जाते आणि मांसाचे तीन वाटे करून एक घरी, एक नातेवाइकांना आणि एक गरिबांना देण्याची पद्धत आहे. कुर्बानी दहावी, अकरावी आणि बारावी अशा तीन दिवसांत केव्हाही करता येते. त्यामुळेच 2023 मध्ये राज्यातल्या अनेक गावांतील मुस्लिम ग्रामस्थांनी एकादशीला केवळ नमाज अदा केली आणि कुर्बानी दुसऱ्या दिवशी ठेवली. हा निर्णय त्यांनी आपणहून घेतला, आणि धर्माच्या चौकटीत राहूनच घेतला, याची नोंद घ्यावी असे मला वाटते.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. ईदला गेल्यावर काय खावे? (एक वाचक, अक्कलकोट रस्ता)

शीरखुर्मा पूर्ण शाकाहारी असतो. आदल्या रात्री बदाम, पिस्ते आणि चारोळी भिजत घालतात, साले काढून त्यांचे काप करतात, खारका दुधात मऊ करतात. सकाळी बारीक शेवया साजूक तुपात परतून आटवलेल्या दुधात सोडतात. दुपारच्या जेवणात मात्र बिर्याणी असते, तेव्हा सकाळी दहा-अकराच्या सुमारास जावे आणि आपण शाकाहारी आहोत हे मोकळेपणाने सांगावे. यजमानांना त्याचे वाईट वाटत नाही. न खाता उठून गेलात तर वाटते.