हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस यांच्या ‘न जन्मलेल्या मुलासाठी कद्दिश’ या कादंबरीच्या नावातल्या ‘कद्दिश’चा अर्थ ‘शोकगीत’ असा घ्यायचा का?

नाही. ‘शोकगीत’ म्हटलं की नावातला जीवच गेला. कद्दिश हा ज्यूंचा प्रार्थनापाठ. शोक करणाऱ्यानं म्हणायच्या कद्दिशमध्ये मरणाचा शब्दसुद्धा नाही, अरामी भाषेत देवाच्या नावाची थोरवी आहे फक्त. आईबाप गेले की मुलानं तो अकरा महिने म्हणायचा. त्याला मिन्यान, म्हणजे निदान दहा पुरुष लागतात, कारण ‘आमेन’ त्यांनी म्हणायचं असतं.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. २०१४ च्या पावसाळ्यात पप्पा गेले. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. दफन करून पुरुष परतले आणि संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी काका माणसं मोजायला लागले. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. स्तोत्रातलं दहा हिब्रू शब्दांचं एक वचन आहे, ते एकेका तोंडाकडे बघत शब्द शब्द म्हणायचं. ताई आणि मी समोरच बसलो होतो. काकांची नजर आमच्यावरून पुढे सरकली. आठव्या शब्दाला माणसं संपली. आळीतली बाकीची घरं कधीच इस्राएलला गेली आहेत.

मी उठले. पप्पांनी लहानपणी देवनागरीत लिहून दिलेला कद्दिश वहीत होता. ‘यितगद्दल वेयितकद्दश’ एवढं म्हणते तोच काका म्हणाले, “बस खाली, पोरी. बायकांनी म्हणायचा नसतो. दादाला मुलगा असता तर...” हे ‘मुलगा असता तर’ मी जन्मभर ऐकलंय. मी बसले नाही.

आता नावाकडे या. युरोपातले यिद्दिश बोलणारे ज्यू मुलालाच ‘माझा कद्दिश’ म्हणत, कारण बापामागे तो म्हणणारा तोच. केर्तेस चौदा वर्षांचे असताना ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत नेले गेले. १९९० च्या या कादंबरीतला निवेदकही तिथूनच वाचलेला. तो बायकोला मूल द्यायला नकार देतो. पुस्तकाचा पहिलाच शब्द ‘नाही!’ म्हणजे बापासाठी ज्यानं कद्दिश म्हणायचा, त्याच्यासाठी बापच म्हणतोय. आणि शेवटचा शब्द ‘आमेन’. तोही त्याचा त्यालाच म्हणावा लागतो, मिन्यान उरलेलंच नाही. मला तरी हा शब्द सगळ्यात जड वाटतो. त्या संध्याकाळी आमच्या घरात आठ पुरुष गप्प बसले होते. आमेन म्हणाली ती आई, स्वयंपाकघराच्या दारातून.

काका नियमच सांगत होते, हेही खरं. ज्यूंच्या सनातनी (ऑर्थोडॉक्स) पंथात मिन्यानला दहा पुरुषच लागतात, आणि आम्ही तर आठवरच अडलो होतो. पण मुलीनं कद्दिश म्हणूच नये, हे सगळ्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, मान्य नाही. अमेरिकेतल्या ज्यू स्त्रियांच्या हदासा संस्थेच्या संस्थापक हेन्रिएटा सोल्ड यांच्या आई १९१६ साली वारल्या, तेव्हा एका स्नेह्यानं त्यांच्या वतीनं कद्दिश म्हणायची तयारी दाखवली. त्यांनी आदरानं नको म्हणून पत्र लिहिलं. त्यात त्या सांगतात की आईला आठ मुलीच झाल्या, पण मुलगा नाही म्हणून आईबापांच्या तोंडून खंतीचा एक शब्द कधी ऐकला नाही.

काका, तुम्ही हे वाचत असाल तर ते पत्र मराठीत उतरवून पाठवते. पप्पांचीही तशी खंत कधी ऐकली नाही आम्ही.