आई गेल्यावर वर्षभरात सावरायलाच हवं का?

तुम्ही विचारलंय की आई जाऊन सात महिने झाले, ऑफिसात चारचौघांत हसू येतं आणि लगेच अपराधी वाटतं, घरी आलं की रडू आवरत नाही. घरचे म्हणतात, वर्षश्राद्धापर्यंत तरी सावर. माझं काही चुकतंय का?

नाही ताई, काहीही चुकत नाहीये.

माझी आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मलाही तेव्हा कुणीतरी दुःखाच्या पाच पायऱ्या समजावून सांगितल्या होत्या, नकारापासून स्वीकारापर्यंत. आपण कितव्या पायरीवर अडकलोय याचीच चिंता मी करत बसायचे. नंतर वाचलं की एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतंच. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये जे मांडलं, ते मला जास्त पटतं. माणूस थोडा वेळ दुःखात असतो, थोडा वेळ रोजच्या कामात, आणि या दोन्हींत ये-जा करतच तो जगायला शिकतो. म्हणजे तुमचं ऑफिसातलं हसणं आणि घरचं रडणं, दोन्ही त्यातच आलं. हसलात म्हणून आई कमी झाली नाही.

'सावर' म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेक असं असतं की आईला आता मागे सोड. मला ते कधीच जमलं नाही, आणि जमायला हवं असंही वाटत नाही. आईशी नातं राहतंच, फक्त त्याला नवी जागा लागते. माझ्या बाबतीत ती जागा दोन ठिकाणी मिळाली.

एक सिद्धपूरला. गुजरातेत आईच्या श्राद्धासाठी लोक तिथल्या बिंदु सरोवरावर जातात, मातृगया म्हणतात त्याला. कपिल मुनींनी आपल्या आईला, देवहूतीला, तिथे ज्ञान दिलं अशी कथा आहे. भाऊ पिंड ठेवत होता, मी शेजारी बसले होते. मातृषोडशीचे सोळा पिंड असतात आणि प्रत्येकाबरोबर आईचा एकेक कष्ट म्हणतात. पोटात बाळ असताना खाचखळग्यांतून चालणं, कळा, रात्री बाळाने ओलं केलेलं अंथरूण. गुरुजी थांबून थांबून अर्थ सांगत होते. अंथरुणाशी आलो आणि माझा भाऊ, जो दहाव्यालाही रडला नव्हता, हुंदके देऊन रडला. कुणी त्याला गप्प कर म्हटलं नाही. गुरुजी थांबले, पाणी दिलं, मग पुढचा पिंड. तुमची श्रद्धा असो-नसो, आईने काय काय केलं ते एकेक करून मोठ्याने म्हणायला मिळणं फार मोकळं करणारं असतं. ते घरी बसूनही करता येतं.

दुसरी जागा अविधवा नवमी. आई सवाष्ण गेली, त्यामुळे पितृपक्षात तिची तिथी भाद्रपद वद्य नवमी. त्या दिवशी सवाष्ण जेवायला बोलावतात, म्हणून आम्ही आईच्या शाळेतल्या मैत्रिणीला बोलावलं. पुरणावर तूप वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तुझी आई कमाटीबागेत पहाटे सायकल शिकायची, आजोबांना चोरून. मी मागून धरायचे." आईला सायकल येत होती हे मला ती गेल्यावर कळलं. त्या दिवशी आम्ही किती वेळ पानावरच बसून होतो! हात वाळले तरी कुणी उठेना. तेव्हापासून त्या दरवर्षी येतात आणि दरवर्षी काहीतरी नवीन सांगतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की एकट्याने रडू नका. आईला ओळखणारी माणसं शोधा. मावशी, मामा, शेजारच्या काकू, जिच्याकडे आई ब्लाउज शिवायला टाकायची ती बाई. पहिलं वर्ष सुतक, मासिक, वर्षश्राद्ध यांत लोक येत-जात असतात. वर्षश्राद्ध झालं की फोन बंद होतात, आणि मला तरी दुसरं वर्षच जड गेलं. ही माणसं आत्ताच जवळ करून ठेवा.

वडील असतील तर त्यांच्याकडेही लक्ष असू द्या. आमचे बाबा काही बोलायचे नाहीत, पण आईच्या औषधांची पाकिटं त्यांनी कित्येक महिने फेकू दिली नाहीत. आम्हीही घाई केली नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या यादीत लांबलेल्या शोकाचा आजार म्हणून समावेश आहे, आणि त्याची किमान मुदत सहा महिने आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ मोठ्या माणसांसाठी एक वर्ष धरतात. हे वाचून घाबरू नका. नुसते महिने मोजून ते ठरत नाही, आपल्या समाजाची रीतही त्यात धरतात, आणि आपल्याकडे तर वर्षभर सण न करण्याचीच रीत आहे. तुम्ही कामाला जाताय, हसू शकताय, हे चांगलं लक्षण आहे. पण अंघोळ-जेवण सुटलं, कामावर जाणंच होईना, आपणही आईकडे जावं असे विचार येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा किंवा १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं.

आणि पुन्हा कुणी "अजून रडतेस?" म्हणालं, तर वाद घालू नका. "हो, आठवण येते. तुमची नि आईची पहिली भेट कुठे झाली होती, सांगा ना," असं विचारा. बरेचदा तीच माणसं खुर्ची ओढून बसतात आणि बोलायला लागतात.