बाइकर गँगचा लीडर पकडला कसा जातो?

प्रश्न: हेल्स एंजल्ससारख्या बाइकर गँगचा म्होरक्या स्वतः हात घाण करत नाही म्हणतात, सगळं पोरांकडून करून घेतो, मग पोलीस त्याला धरतात कशावर? आणि ते खरंच बाइक चालवतात का नुसतं नाव? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: कॅनडातल्या मॉम बूशेची केस बघा, म्हणजे कळेल. खरं नाव मोरिस, मॉम हे टोपणनाव (हो, आईच!). माँट्रियलच्या कामगार वस्तीत वाढला, 1987 ला हेल्स एंजल्समध्ये आला आणि पुढे त्यांच्या नोमॅड्स शाखेचा मुख्य झाला. 1994 पासून ड्रग्जच्या धंद्यावरून रॉक मशीन नावाच्या टोळीशी जे जुंपलं त्यात आठ वर्षांत 160 च्या वर माणसं गेली, 1995 ला तर कारबॉम्बचा तुकडा लागून 11 वर्षांचं पोर गेलं, त्याचा कशाशी काय संबंध? तिथून लोक खवळले आणि पोलिसांनी या टोळ्यांसाठी वेगळं पथकच काढलं.

आता बूशेला खरी भीती कोणाची तर आपल्याच पोरांची, कोणी माफीचा साक्षीदार झाला की संपलं. मग डोकं असं चालवलं की पोरांकडून जेलचे गार्डच मारायचे, म्हणजे असल्या खुनात सरकार सौदा करणारच नाही आणि पोरं कायमची बांधली जातील. 1997 मध्ये दोन गार्ड मारले, एक बाई एक पुरुष. आणि त्याच वर्षाच्या शेवटी मारणाऱ्यांपैकीच स्टेफान गान्ये पकडला गेला आणि घडाघडा बोलला, सरकारने सौदा केलाच!

तरी 1998 ला ज्युरीने गान्येवर विश्वास ठेवला नाही, बूशे सुटला आणि त्याच रात्री बॉक्सिंगची मॅच बघायला गेला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाचून मला तरी चीड आली. मग 2000 ला अपील कोर्टाने खटला परत चालवायला लावला, साक्षीदार तोच, आणि 2002 ला जन्मठेप, 25 वर्षं पॅरोल नाही. 2022 ला घशाच्या कॅन्सरने कैदेतच गेला.

बाइकचं म्हणाल तर माँट्रियलच्या बर्फात हिवाळाभर कसली बाइक. पण त्या बाई गार्डला मारायला आलेले दोघं बाइकवरूनच आले होते.