इंग्लंडमधल्या बागेत कॉम्फ्री कुठे लावावी?

घरामागच्या छोट्या बागेत खतासाठी कॉम्फ्री (मोठ्या, खरखरीत पानांचं, वर्षानुवर्षं टिकणारं झाड) लावायची आहे, तर कोणता कोपरा निवडू, असं तुम्ही विचारलंय. ती एकदा लावली की कायमची, हे धरूनच जागा ठरवा. मुळं खूप खोल जातात आणि उपटताना बोटभर तुकडा जरी मातीत राहिला तरी त्यातून नवा कोंब वर येतो. म्हणूनच दरवर्षी खणायच्या भाजीच्या वाफ्यात ती अजिबात नको.

मला विचाराल तर कंपोस्टच्या ढिगाशेजारची जागा सगळ्यात उत्तम. पानं कापली की लगेच ढिगात टाकता येतात आणि ढिगातून झिरपणारा कसही तिला मिळतो. थोडी सावली चालते, पण दिवसाचे काही तास ऊन मिळालं तर पाला भरपूर येतो. माती खोल आणि ओल धरणारी हवी. दोन रोपांत 60 ते 90 सेंमी अंतर ठेवा. पायवाटेला खेटून लावू नका, पानांवरची खरखरीत लव हातापायांना लागून खाज सुटते.

रोप घेताना 'बॉकिंग 14' हीच जात मागा. सेंद्रिय बागकाम करणारे लॉरेन्स हिल्स यांनी 1950च्या दशकात एसेक्समधल्या बॉकिंग इथे ती निवडली. तिला रुजणारं बी धरत नाही, त्यामुळे ती आपोआप बागभर पसरत नाही.

पानं मात्र खाऊ नका, त्यातल्या अल्कलॉइड्स नावाच्या विषारी द्रव्यांनी यकृताला इजा होते. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही हे आवर्जून सांगा.